गराजच्या दाराचं सोपं गाइड

...आणि वर मलाच विचारतात, "मेनो, नवशिका म्हणजे नेमका कोण?" आता काय सांगू तुम्हाला... ज्याला येत नाही तो नवशिका, यात विचारायचं काय? पण नाही, त्यावर तीन आठवडे चर्चा, मग मतदान, मग मतदान करणाऱ्यांत एकही नवशिका नव्हता म्हणून ते मतदानच रद्द. तुम्हाला सांगतो, मी फक्त यादी करू या म्हटलं होतं.

कशासाठी म्हटलं, तेही ऐका. माझा मोठा भाऊ कॉर्नी ऑक्टोबरात गेला. जन्मभर इथे कॅनडात, स्टाइनबाखला शाळेची बस चालवली, आणि रिटायर झाल्यावर घरातला एकेक दिवा, पडदा, हीटर, गराजचं दार, सगळं आपोआप चालेल असं करून ठेवलं. भिंतीवरची बटणंसुद्धा काढून टाकली हो, वर प्लास्टर करून रंग मारला. शहाणी माणसं असं करतात का? घर आपोआप चालवायचा नाद असलेली आमच्यासारखी करतात. मीही केलंय, माझी बायको अजून त्याबद्दल बोलते. तर आता त्या घरात हिल्डावहिनी एकट्या, वय अठ्ठ्याहत्तर, आणि गराजचं दार उघडं राहायला लागलं. बाहेर उणे तीस, आणि दार सताड उघडं... रोज. त्यांची मुलगी डोना कॅल्गरीला असते, तिला फोनवर सगळं दिसतं. मला म्हणते, "काका, आईला हे झेपत नाहीये. ईस्टरपर्यंत वाट बघते, नाहीतर वृद्धाश्रमात खोली बघून ठेवलीये मी." आणि वहिनी म्हणतात, "मला या घरातून उचलूनच न्यावं लागेल." दोघी हट्टी. मधे मी.

मी दोनदा जाऊन दाखवलं, वहिनी, फोनवर हे असं दाबायचं. त्यांनी मान डोलावली, कॉफी दिली, आणि दुसऱ्या दिवशी दार उघडं. म्हटलं, लिहून द्यायला हवं. आमच्या हौशी लोकांचा इंटरनेटवर फोरम आहे, तिथे गाइडं काय थोडी आहेत? गराजच्या दाराचीच चौदा. चौदाही 'हे अगदी सोपं आहे' असं म्हणून सुरू होतात. मी पहिलं उघडलं, तर म्हणे आधी घराच्या मेंदूचं, म्हणजे सगळं चालवणाऱ्या त्या डब्याचं गाइड वाचा. ते उघडलं, तर म्हणे आधी वायफायचं वाचा. वायफायचं उघडलं, तर शेवटी काय लिहावं त्या माणसानं? 'घरात गराजचं दार जोडलेलं असल्यास आधी ते गाइड पाहा.' मी तासभर त्या तिन्हींत गोल गोल फिरत होतो, आणि मला हे येतं बरं का, मी नवशिका नाही. म्हणून लिहिलं, मंडळी, नवशिक्यांसाठी निवडक गाइडं एका जागी आणू या, वीसेक पुरे. फक्त यादी करू या म्हटलं होतं.

झाली समिती. ओहायोचा ड्वेन, क्वेबेकची ओडेट आणि मी. ओडेटबाईंचं म्हणणं, "प्रत्येक गाइडला प्रस्तावना हवी, पूर्वतयारी हवी, धोक्याची सूचना हवी." म्हटलं, बाई, एक दार लावायचंय. "दारानं बोटं चिरडतात, मेनो." चिरडतात, खरंय. आणि ड्वेन... त्याला मी यादी टाइप करून पाठवली, बावीस ओळी, अर्ध्या तासाचं काम, तर त्याला लाजच वाटली. "अरे, आपण घरं आपोआप चालवणारी माणसं, आणि यादी हातानं करायची? लोक काय म्हणतील?" कोण लोक? पण त्यानं प्रोग्राम लिहायला घेतला. गाइडं आपोआप वाचणार, आपोआप लावणार, आपोआप ताजी ठेवणार. सहा आठवडे. इकडे मार्च उजाडला, डोनाचा दर रविवारी फोन, "काका, झालं का?" आणि मी, होतंय गं, होतंय.

शेवटी तो प्रोग्राम चालला. नवशिक्यांच्या पानावर किती गाइडं निवडली त्यानं? एक. ड्वेनचंच, एकसष्ट पानांचं. म्हटलं मरू दे, मीच लिहितो, आणि बसून एक पान लिहिलं, मोठ्या अक्षरात, पाच ओळी, हे दाबा, थांबा, दार खाली येईल. फोरमवर टाकलं, तर ड्वेनच्या प्रोग्रामचं उत्तर आलं, 'हे गाइड नाही. लांबी अपुरी.' अहो, मी फक्त यादी...

जाऊ दे. रविवारी ते पान घेऊन वहिनींकडे फास्पाला गेलो, आमच्यात रविवारी दुपारी पाव, चीज, जॅम आणि कॉफी असते ना, तेव्हा. गराज सताड उघडं. वहिनींनी चष्मा लावला, पान नीट वाचलं, आणि म्हणाल्या, "भावजी, तिसरी ओळ चुकली. आधी लाल दिवा विझू द्यायचा, नाहीतर दार अर्ध्यात अडकतं." म्हटलं, वहिनी, तुम्हाला येतं? "न यायला काय झालं? कॉर्नी हे बसवत होता तेव्हा शिडी कोणी धरली होती?" मग दार उघडं का?

तेवढ्यात फ्रिजवरच्या स्पीकरमधून आवाज आला, "हिल्डे, गराजचं दार उघडं राहिलंय गं." कॉर्नीचा. माझ्या भावाचा आवाज, अगदी तस्सा, मधेच घसा खाकरलेला. माझ्या हातातला पाव हातातच राहिला. वहिनींनी शांतपणे कॉफी ओतली. "दर दहा मिनिटांनी बोलतो. चार वेगवेगळी वाक्यं भरून ठेवलीयेत त्यानं. चौथ्याला चिडतो. मी चौथं ऐकते आणि मग दार लावते." आणि मग म्हणाल्या, "डोनाला सांगू नका हं भावजी. तिला वाटेल मला वेड लागलं."

मला रडू आलं, खोटं कशाला बोलू. बसलो तिथेच अर्धा तास, कोट घालून, चौथं वाक्य येईपर्यंत. चिडला हो, चांगलाच चिडला. घरी आलो तर डोनाचा फोन. "काका, आज पुन्हा उघडं होतं." म्हटलं, डोना, त्या शिकतील गं, पण गाइड अजून समितीपुढे आहे. ती सरकारी नोकरीत आहे. म्हणाली, "समिती आहे होय? मग ईस्टरचं राहू दे. वेळ लागणारच."

तेव्हापासून, तुम्हाला सांगतो, मी समितीची एकही बैठक चुकवत नाही. काल ड्वेन म्हणाला, "मेनो, आता जवळजवळ संपलंच की." मी म्हटलं, ड्वेन, घाई नको. मला वाटतं, नवशिका म्हणजे कोण, हे एकदा पुन्हा पहिल्यापासून बघायला हवं.