दादाचा खड्डा

...हसा, हसा! चांगला घोडा झालेला माणूस कमरेवर हात ठेवून जिना चढतोय आणि काखेत उशी आहे म्हटल्यावर हसू येणारच! पण तुम्हाला सांगतो, एकदा त्या गाडीत बसून दाखवा. चालवायचं राहू द्या हो, नुसतं बसून दाखवा!

बसणं तरी सोपं आहे का? छोटीशी स्पोर्ट्स गाडी, दोन दारं, दोन सीटा, उंचीला माझ्या छातीपर्यंतसुद्धा येत नाही. आधी एक पाय आत, मग डोकं वाकवून बूड आत, मग बाहेर राहिलेला पाय हातानं उचलून आत... आणि बूड टेकलं रे टेकलं की फुस्स्स! सीटमधला फोम असा उसासा टाकतो की अंगावर काटा येतो. कारण तो उसासा माझ्या ओळखीचा आहे. ऑफिसातून आल्यावर सोफ्यावर बसताना दादा अगदी तस्साच टाकायचा!

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. गाडी त्याची. अठरा वर्षं चालवली, धुतली, पुसली, पोटच्या पोरीसारखी जपली. दादा सहा फुटी, धिप्पाड, दारातून यायचा तर आधी पोट यायचं आणि मग दादा. आणि मी? पाच फूट तीन, तेही बूट घालून! मागच्या वर्षी दादा गेला. झोपेत गेला हो, हाक नाही, बोंब नाही... आणि महिन्याभरानं वहिनीनं किल्ली माझ्या हातात ठेवली. "भावजी, विकू नका. चालवत राहा. आणि दर रविवारी मला एक चक्कर मारून आणत जा, आमची सवय होती ती."

नाही कसं म्हणणार, तुम्हीच सांगा? झाले कागद माझ्या नावावर. आणि पहिल्याच दिवशी कळलं, की अठरा वर्षांत त्या सीटला दादाचा खड्डा पडलाय. आणि खड्डा तरी सरळ असावा? छे! डावीकडं कललेला! दादा कलून का बसायचा देव जाणे, पण मी आत शिरलो की त्या खड्ड्यात घरंगळतो. डावा खुबा तळाला, उजवा हवेत, समोर रस्ता सरळ आणि मी तिरका! गाडी माझ्या नावावर, खड्डा दादाच्या नावावर!

बरं, वहिनी. ती शेजारी बसायची आणि एक शब्द बोलायची नाही. तुम्ही आमच्या वहिनीला ओळखत नाही म्हणून तुम्हाला त्याचं काही वाटणार नाही. अहो, ही बाई बोलायला लागली की समोरच्याचा चहा गार व्हायचा! दादा गेला आणि बोलणं बंद. दर रविवारी तास-तास चक्कर मारायची, तिनं काचेबाहेर बघायचं, मी तिरकं बघायचं. घरी सोडताना "येते" एवढं म्हणायची. मला वाटायचं, रडली तरी चालेल, पण काहीतरी बोल ग बाई... नाही!

इकडं माझी पाठ. डॉक्टरांनी फोटो काढला, उजेडावर धरला आणि आधी स्वतःच मान तिरकी केली. म्हणाले, "हे बघा, असंच चालू राहिलं तर सहा महिन्यांत मणका कायमचा वाकणार. मग पट्टा, मग ऑपरेशन. गाडी तरी सोडा, नाहीतर सीट तरी बदला." काय सोपं असतं हो या लोकांना! गाडी सोडली तर वहिनीचा रविवार गेला. सीट बदलली तर दादा गेला! म्हणजे गेलाच आहे तो, पण... कळतंय ना तुम्हाला?

मग मी आपले मधले मार्ग काढले. उशी घातली, खड्ड्यानं उशी गिळली. दुसरी घातली, तीही गिळली. लाकडी मण्यांची जाळी टाकली, संध्याकाळी बायको म्हणाली, "अहो, तुमच्या पाठीवर कुणी सारीपाट आखलाय का?" कमरेमागं टेकू लावला, तर पोट इतकं पुढं आलं की वळणावर आपोआप हॉर्न वाजायचा आणि पुढचा माणूस मागं वळून शिव्या द्यायचा. शेवटी औषधाच्या दुकानात भोकाची गादी मागितली, तर तो दुकानदार भर गर्दीत ओरडला, "साहेबांना मूळव्याधीची गादी दाखव रे!" अहो, मूळव्याध नाही, भाऊ आहे! पण सांगणार कुणाला? गाडी माझ्या नावावर, खड्डा दादाच्या नावावर!

पण खरी भीती पुढंच आहे, तुम्हाला सांगतो. एके दिवशी सकाळी मी खाकरलो. नुसता खाकरलो हो! तर स्वयंपाकघरात बायकोच्या हातून पातेलं पडलं. "तुम्ही होता होय? मला वाटलं, दादा आले!" दुसऱ्या दिवशी चौकातला इस्त्रीवाला मागून पळत आला, माझा चेहरा बघितला आणि मटकन खालीच बसला. म्हणे, "चाल... चाल त्यांचीच आहे." मी आरशासमोर उभा राहिलो. डावा खांदा खाली, मान कललेली. पाच फूट तीन इंचाचा दादा! मी त्या सीटवर बसत नव्हतो, ती सीट मला घडवत होती!

घाबरलो. सरळ सीट बनवणाऱ्या कारागिराकडं गेलो. वल्ली माणूस! त्यानं दादाचा फोम उपसून बाहेर काढला आणि विचारलं, "टाकू का हा?" मी तो त्याच्या हातातून काढूनच घेतला. गुंडाळून घरी आणला आणि मागच्या खोलीतल्या खुर्चीवर ठेवला. तेव्हापासून बायको त्या खोलीत जाताना दार वाजवून जाते.

तर कारागिराची पद्धत अशी, की मोकळ्या झालेल्या सीटमध्ये तो प्लॅस्टिकची मोठी पिशवी ठेवतो, तिच्यात फसफसणारं रसायन ओततो आणि आपल्याला वर बसवतो. खालून ते गरम गरम फुगत येतं आणि आपल्या अंगाच्या मापानं घट्ट होतं. स्वतःचा साचा! दुसऱ्या कुणाचा नाही! तो म्हणाला, "साहेब, फोटोला बसल्यासारखं बसायचं नाही. रोज गाडीत जसे बसता तसे बसा. स्टेअरिंग धरा, रस्ता बघा, मला विसरा." मी विसरलो. पंधरा मिनिटं इतका छान बसलो म्हणून सांगू... वर्षभरात पहिल्यांदा वाटलं, सुटलो!

उतरलो. कारागिरानं साचा उचलून दाखवला. मी बघितलं, त्यानं माझ्याकडं बघितलं...

डावीकडं कललेला खड्डा! खोल! तस्साच!

मी म्हटलं, "अहो, हा कुणाचा?" तो म्हणाला, "तुमचाच की! तुम्ही बसलात, मी बघत होतो." वर्षभर दादाच्या खड्ड्यात बसून बसून माझं बूडच दादाचं झालं होतं, आणि मी आपल्या पैशानं, आपल्या देखत, दादाला नवाकोरा करून आणला! आता गाडीही माझ्या नावावर आणि खड्डाही माझ्या नावावर!

रविवार उजाडला. वहिनी आली, नवं कापड बघितलं, थबकली. मी मनात म्हटलं, संपलं, आता ही किल्ली परत मागणार. पण ती मुकाट्यानं बसली. मी बसलो. डावीकडं घरंगळलो. इंजिन घुमायला लागलं... त्या गाडीचं इंजिन म्हणजे कानाशी गिरणी चालवल्यासारखं! आणि शेजारून आवाज आला. वर्षानंतर!

"सरळ बसा!"

मी म्हटलं, "काय?" इंजिनात ऐकूच येईना. तिच्याकडं आणखी कललो.

"हेच! हेच करायचे ते!" वहिनी कडाडली. "मी म्हणायचे, सरळ बसा. ह्यांना ऐकू यायचं नाही, मग हे म्हणायचे, काय म्हणालीस? आणि आणखी कलायचे! अठरा वर्षं! पाठीचं वाटोळं करून घ्याल म्हटलं, ऐकलं? पोट बघा म्हटलं, ऐकलं? डॉक्टरकडं चला म्हटलं, ऐकलं? झोपायच्या आधी छाती चोळत होता, तर जडजड वाटतंय हे मला सांगायला काय झालं होतं हो तुम्हाला?" डोळ्यांना धार लागलेली, पण तोंड थांबत नव्हतं. मला सांगत नव्हती ती. मी आपला रस्ता बघत होतो, दुसरं काय करणार?

तेव्हापासून दर रविवारी हेच. तासभर ती दादाला रागावते आणि ऐकून घेतो मी. कधीमधी हसतेसुद्धा. परवा डॉक्टर माझ्यावर खेकसले, "अहो, तुम्ही मुद्दाम वाकडे बसता की काय?" आता त्यांना काय सांगू? एका रविवारी सरळ बसून बघितलं हो मी. अगदी ताठ, छडीसारखा.

ती गप्प झाली. काचेबाहेर बघत बसली.

मग बसलो पुन्हा वाकडा. पाठ दुखते... दुखू दे.