जिन्याखालची चौकट

लेकाच्या दुमजली, संडास वरच्याच मजल्यावर असलेल्या घरी निघालेल्या शकूबाई गोंडपिपरीच्या स्टँडवर बसची वाट पाहत होत्या. बाकाच्या दुसऱ्या टोकाला दोन बाया बोलत होत्या. शकूबाईंचे कान आपसूक तिकडे गेले.

"झाला का जी जिन्याखालचा संडास?"

"झाला ना! आता वरच्या मजल्यावर जाणं बंद. सासूबाईच्या गुडघ्याची सुटका झाली."

"अन् ते उघडे पाईप?"

"पत्रू सुतारानं प्लायवूडची पेटी करून झाकले. पण सासूबाई त्या पेटीलेच धरून उठे. दोन दिवसांत पेटी कुरकुराले लागली."

"मंग? बोलली का त्याले?"

"काऊन बोलीन? पेटी पाईपासाठी होती. पण त्याच्या कानावर गेलं, अन् सकाळीच हजर! घरी जुनी बैलबंडी मोडून पडली होती, तिचा सागवान घेऊन आला. पेटीच्या आत चौकट ठोकली, वर धराले दांडा बसवला. म्हणे, 'मावशी, आता बैल बांधला तरी हालत नाई.'"

"भला माणूस वं!"

"त्याचे उपकार कसे फेडू, सांग. सासूबाई संध्याकाळचा चहाच घेत नव्हती. मनच नाई म्हणे. मीबी खरं समजली. रात्री संडासले उठा लागते म्हणून टाळे, ते आता कळलं."

"अन् आता?"

"काल अर्धा कप देल्ला, तं पिऊन कप परत पुढं केला. म्हणे, 'पोरी, आता पुरा भर.'"

बस लागली. शकूबाईंनी न उघडलेली पाण्याची बाटली पिशवीत सरकवली आणि मागून हाक मारली,

"बाई, त्या सुताराचं गाव कोणतं जी?"