अर्ध्या तासाचं विमान

विमानाला उशीर होता. फिरतीवरच्या विक्रेत्याने कंटाळून डोळे मिटले, पण मागच्या खुर्च्यांवरच्या म्हाताऱ्या नवरा-बायकोचं बोलणं कानावर पडतच राहिलं.

“अहो, दहाला सुटून साडेदहाला पोचतं ना हे?”

“अगं, तिथली घड्याळं आपल्या मागे असतात. चांगले सात तास लागतात.”

“सात?”

“का, पाय आखडतील?”

“तसं नव्हे. तिकीट बघितल्यापासून पोरावर मनातून धुमसत होते. म्हटलं, अर्ध्या तासावर राहतो आणि बापाच्या ऑपरेशनला फिरकला नाही.”

“बरं.”

“उगाच राग धरला बाई. सात तास म्हणजे लांबच की हो.”

विक्रेत्याने डोळे उघडले नाहीत. म्हाताऱ्याने तिकीट घडी घालून खिशात ठेवल्याचा आवाज आला.

“हो. लांबच आहे.”