बिनफेसाचा साबण

...आणि मला सांगा, फेस म्हणजे काय सोनं लागून गेलंय? आमच्या शेजारची धाकटी सून, गुणाची पोर, चांगली नोकरी सोडून तिनं भांड्यांचा साबण करायचा घाट घातला, नदीत गेला तरी मासा शिंकणार नाही असा, तेव्हा ‘नाही’ असं कुणीच म्हणालं नाही. नवरा म्हणाला कर, सासूबाई म्हणाल्या कर बाई, फक्त वर्षभरात जम बसला नाही तर मुकाट्यानं पुन्हा नोकरी धरायची. झालं! जत्रेत बैल सोडावा तशी सोडली, पण दावं हातात ठेवून.

बरं, साबणात खोट काढायला जागा नाही, तेलकट कढई लख्ख निघते... पण फेस येत नाही. ती बापडी प्रत्येकाला समजावते, की फेस नुसता डोळ्यांना बरा, मळ काही तो काढत नाही, उलट नदीवर तरंगत बसतो. लोक माना डोलावतात आणि घरी जाऊन फेस येईपर्यंत ओतत राहतात, अर्धी बाटली संपते, तो काही येत नाही, मग दुसऱ्या दिवशी तिच्या दुकानात हजर, ताई, तुमचा साबण फार लागतो हो! आता कुठं कपाळ आपटायचं?

तुम्हाला सांगते, मी काही कुणाच्या घरात डोकावणारी नाही, पण माझी खिडकीच त्यांच्या मोरीसमोर येते, त्याला मी काय करू? सासूबाई सुनेच्या साबणानं भांडी घासायच्या, विसळायच्या, आणि सून दुकानात गेली की बाजारच्या साबणानं तीच भांडी पुन्हा! मी आपलं सहज विचारलं, तर म्हणाल्या, “तिचं मन मोडवत नाही हो, म्हणून दोन्ही करते.” घ्या! ‘नाही’ असं त्याही म्हणाल्या नाहीत.

मग कुणी सांगितलं, असल्या धंद्याला सरकारी सवलत मिळते. गेली. साहेब भला माणूस, चहा पाजला, विचारलं, घाण पाणी किती सोडता? ही म्हणाली, सोडतच नाही. साहेब खरंच हळहळले. “मग अडलं की हो. सवलत घाण कमी करणाऱ्याला आहे. आधी थोडी करा, मग कमी करा, लगेच देतो.” बँकेतला म्हणाला, कल्पना उत्तम, यंत्र कुठंय? ही म्हणाली, हातानं ढवळते. तो म्हणाला, हात तारण ठेवून घेता येत नाहीत. पण ‘नाही’ असं कुणी म्हणालं नाही हो! एखादा तोंडावर म्हणाला असता, तर पोर भांडून मोकळी तरी झाली असती.

वर्ष सरत आलं तशी एका दुपारी माझ्या ओट्याला टेकून उभी राहिली.

“काकू, फेसाची पूड मिळते. चिमूटभर टाकली तरी बादलीभर फेस. टाकू? नाहीतर पुढच्या महिन्यापासून ऑफिस आहेच.”

मी आपला तिच्या पाठीवरून हात फिरवला.

टाकली. आता दुकानात पाय ठेवायला जागा नाही, नवरा खूश, सासूबाई एकदाच घासतात आणि साऱ्या गल्लीला सांगतात, सुनेचा हात आत्ता कुठं बसला. बिनफेसाच्या साबणाला मात्र एकच गिऱ्हाईक उरलंय, ती स्वतः... आणि तेही सासूबाई बाहेर गेल्यावर.