टेडीने पुरलेली पिशवी

बाहेर तळं गोठायला लागलं होतं. गॅसच्या ऑफिसात रांगेत उभ्या असलेल्या लॉरेटाच्या पुढे म्हातारा ऑर्विल होता आणि काउंटरपलीकडे घरोघरच्या अंगणात पुरलेल्या गॅसच्या टाक्या तपासणारी जोलीन.

“टाकी गेली, ऑर्विल. गंजाने पार खाल्लीय. आता तिच्यात गॅस भरता येणार नाही.”

“अगं, टेडीने मॅग्नेशियमची पिशवी पुरली होती ना टाकीच्या शेजारी? गंज तिला खाणार, टाकी वाचणार, असं म्हणाला होता.”

“खणून काढली मी ती. नवीकोरी आहे.”

“म्हणजे?”

“वरचं प्लास्टिक काढून पुरायची असते. ओली माती लागली तरच काम करते. टेडीने प्लास्टिक तसंच ठेवलं. वर तोंड घट्ट बांधलं, भिजू नये म्हणून.”

“गाढव! शाळेतही प्रश्न न वाचताच उत्तर लिहायचा.”

“ऑर्विल...”

“त्याच्या आईला, मार्लिसला सांगू नकोस, पोरी. पोरगा वारल्यापासून हीटर लागला की म्हणते, टेडीमुळे घर गरम आहे. माती खराब होती म्हण.”

“मी खणत होते तेव्हा त्या तिथेच उभ्या होत्या.”

“काय म्हणाली?”

“मी गाठ सोडायला लागले, तर म्हणाल्या, राहू दे, ती टेडीने बांधलीय.”