खालचं आपलं हाये

...अन् वरून मलेच विचारते, 'काका, सातबाऱ्यावर तर दुसऱ्याचंच नाव आहे, मग यात तुमचं काय?' घ्या आता. तुम्हाले सांगतो, साठी उलटली माही, पण 'यात तुमचं काय' असं विचारणारा माणूस आंजीत अजून पैदा नाई झाला, अन् हे तहसीलातली पोरगी, माह्या सुनेच्या वयाची, चष्मा वर सरकवून मले विचारून राह्यली. मी म्हटलं, बाई, सातबारा वरचा असते. वरचं कोणाचं का असेना, खालचं आपलं हाये. तं ते माह्या तोंडाकडं पाहूनच राह्यली.

तुम्हीबी तसेच पाहून राह्यले म्हणा. थांबा, बुडापासून सांगतो.

आमचे आजोबा अण्णाजी, अन् त्यायचा एक थोरला भाऊ. दोघायची वाटणी झाली. वावर वाटलं, बैल वाटले, जातं वाटलं. हासू नका, खरंच वाटलं, वरचा दगड एकाले अन् खालचा एकाले, मंग काय, दोन वर्ष दोन्ही घरच्या बाया दळाले एकाच ओसरीत बसत अन् नवऱ्यायले शिव्या देत. तं असं सगळं वाटून झालं अन् राह्यली एक बरड टेकडी. गोटाच गोटा, मुरूमच मुरूम. थोरला म्हणे मले पाह्यजे, ढोरं चारतो. अण्णाजी म्हणे मले पाह्यजे. तुले कायले? तं म्हणे, तुले कायले सांगू? झालं... तीन दिवस पंच बसले, चौथ्या दिवशी कंटाळले अन् लिहून मोकळे झाले. टेकडीचं वरचं, म्हणजे गवत, झाड, फळ, हे थोरल्याचं. अन् खालचं, म्हणजे गोटा, मुरूम अन् पुढं जे काय निघन ते, धाकट्याचं. तिकीट लावून, अंगठे मारून, पक्कं. गाव हासलं. अण्णाजी काय म्हणाले माहीत हाये? 'गवत ढोर खाते. गोटा कोणाच्या बापाच्यानं खाल्ला जात नाई.' काय डोकं होतं त्या माणसाचं, आँ?

तेव्हापासून आमचं घर म्हणजे खालवाले, अन् थोरल्याचं घर म्हणजे वरवाले. अख्ख्या आंजीत कोणालेबी विचारा. आता माह्या निकेशसाठी नालवाडीले पोरगी पाहाले गेलतो, तं पोरीचा बाप खाकरून विचारते, 'जमीन किती जी?' मी म्हटलं, वरची तीन एकर. खालची अजून मोजली नाई. तो मनुष्य असा सरसावून बसला... त्याच बैठकीत सुपारी फुटली. वर्षाली आमची सून झाली ते अशी. निकेश म्हणते त्याच्या नोकरीमुळं झाली. म्हणू द्या.

बरं, थोरल्यानं मंग टेकडीवर सीताफळं लावाले घेतली. पहिला खड्डा खंदाले बसला तं अण्णाजी जाऊन उभे. 'दादा, झाड तुहं, पण खड्डा माह्यात होऊन राह्यला.' थोरला तसाच उठला, घरून सुपारी आणली, लहान्या भावाच्या हातावर ठेवली, मंग खंदलं. अन् पहिलं फळ आलं तेव्हा पहिली टोपली आमच्या दारात. कायची म्हणाल तं मुळाचा मान. फळ वरच्याचं, पण मुळं कोणाच्यात हायेत? आपल्यात. वरचं कोणाचं का असेना, खालचं आपलं हाये.

तो मान आजपर्यंत चालू हाये, तुम्हाले सांगतो. थोरल्याचा नातू मधुकरराव, माहा चुलत भाऊ, माह्याहून चार वर्षानं मोठा, गुडघे गेले त्याचे, तरी दर साली दसऱ्याच्या आगंमागं नवी टोपी घालून, टोपली स्कूटीवर समोर धरून येते अन् दारातून हाक मारते, 'खालवाले हायेत काय घरी?' मी आतून म्हणतो, 'या जी वरवाले.' एरवी सहा वेळा भेटतो आम्ही दिवसातून, पण त्या दिवशी असंच म्हणा लागते. कोकिळा, म्हणजे आमची मंडळी, टोपलीले हळद-कुंकू लावते, त्याले चहा देते. आता सांगा, कोण्या आमदाराच्या घरी मुळाचा मान येते काय?

अन् अशात आला तो धनंजय. जाम गावचा ठेकेदार. रस्त्याचं काम हाये, मुरूम पाह्यजे. पहिले गेला मधुकररावकडं, सातबारा पाहून. तं मधुकरराव काय म्हणाला त्याले? 'वरचं माहं हाये. खालचं माहं नाई. खालवाल्याले विचार.' गुपचूप सही करू शकत होता तो बाप्पा, कोणाले समजलंबी नसतं. नाई केली. मले समजलं तं छाती अशी भरून आली... हे असे लोक हाये आमच्यात.

धनंजय माह्या दारात, बूट बाहेर काढून. 'काका, दोन वर्षात टेकडी उचलतो, लेवल करून देतो, फक्त खालच्या हक्काचं तहसीलातून पक्कं करून आणा.' निकेश म्हणते, 'बाबा, टाका अर्ज. कागद काय नुसता पेटीत ठेवाले हाये?' कोकिळा भाकर थापता थापता म्हणते, 'टेकडी उचलली तं मधुकरदादा वरचं कुठी ठेवतीन? हवेत?' मी म्हटलं, कागदात तसं काई लिहिलं नाई. तं म्हणते, 'कागदात सीताफळबी नव्हतं लिहिलं.' बायको हाये का वकील हाये, मले आजवर समजलं नाई.

तरी गेलो. काऊन गेलो? खरं सांगू? मोठेपणासाठी. म्हटलं, एकदा सरकारच्या तोंडून ऐकू का खालचं आपलं हाये. तं ते पोरगी, रोशनी मॅडम, तिनं तो कागद दोन्ही हातात धरून वाचला, सगळा, अंगठ्यासकट. चांगली पोरगी होती हो, उगाच नाव नाई ठेवत. म्हणे, 'काका, असा कागद मी कधी पाहिला नाही. पण जमिनीखालचं सरकारचं असतं. अर्ज करायचा तुमचा हक्क आहे. वर पाठवते. मंजूर येईल, नाहीतर नामंजूर येईल. बहुतेक नामंजूर. देऊ का पावती?'

अन् पेन पुढं केला.

मी पेनाकडं पाहून राह्यलो. मंजूर आलं तं टेकडी जाईन, झाडं जातीन, मंग टोपली कायची? अन् नामंजूर आलं तं लाल शाईनं लिहून येईन का खालचं आपलं नाई... मंग दसऱ्याले दारात कोणाले हाक मारन मधुकरराव? अण्णाजीनं तीन दिवस पंच उपाशी ठेवले ते त्या लाल शाईसाठी काय? मी कागद घडी करून पिशवीत टाकला. ते म्हणे, 'काका, मग आलात कशाला?' म्हटलं, तुम्हाले दाखवाले. तं म्हणे, 'फोटो काढू का?' म्हटलं, काढा ना, पण अंगठे नीट येऊ द्या.

घरी आलो तं दारात स्कूटी. मधुकरराव ओसरीत बसला, टोपली मांडीवर, टोपी जुनीच. हाक नाई, काई नाई. गावात कोणीतरी सांगितलं असन का खालवाला तहसीलात गेलता. खाली पाहूनच म्हणे, 'ह्या साली लवकर आणली. म्हटलं, पुढच्या साली राह्यते का नाई...' मी पिशवी खाली ठेवली अन् त्याच्या बाजूले टेकलो. म्हटलं, दादा, मुळं अजून खालीच हायेत नं? मंग पुढच्या सालीबी आणजो. अन् आता बाहेर जाय, टोपी बदलून ये, अन् नीट हाक मार. गेला हो तो. सत्तरीले टेकलेला माणूस, गुडघे धरून गेला, नवी टोपी घालून आला, अन् बंबाट्यानं ओरडला, 'खालवाले हायेत काय घरी?' सगळी गल्ली बाहेर आली.

धनंजयले नाई म्हणून सांगितलं. निकेश आठ दिवस ताट घेऊन वेगळा जेवला.

मंग लागला परतीचा पाऊस. अंगणात असा चिखल का वर्षाली गाडीसकट आडवी झाली. मुरूम टाकाच लागन. एक ट्राली, बस. मधुकररावले म्हटलं, टेकडीतून घेऊ का जी? तं म्हणे, 'घे ना, खालचं तुहंच हाये. फक्त वरचं मोडू नोको.' आता वरचं न मोडता खालचं कसं काढते हे अण्णाजीलेच माहीत... शेवटी केला फोन धनंजयले, अन् जामहून मुरूम आणला. विकतचा. पसरला अंगणात.

आता येणारा-जाणारा पायानं उकरून विचारते, 'काय खालवाले, हा तुमच्याच टेकडीचा नं?'

मी म्हणतो, छा, हा तं वरचा हाये. आपला अजून खालीच हाये.