तपासून न्यायच्या कॅसेट

वेस : ...आणि हेल्मीबाई, आधी तुमच्या घरातला रेडिओ बंद करा. माझाच आवाज मला दोनदा ऐकू येतोय.

हेल्मी : बंद केला तर तू काय बोलतोस ते मला कळणार कसं?

वेस : फोनवर कळेल. आपण फोनवरच बोलतोय ना?

हेल्मी : थांब जरा. ...हं, केला बारीक. अगदी बंद मी करत नाही. घर एकदम गप्प झालं की मला कसंतरी होतं.

वेस : चालेल, बारीक चालेल. तर मंडळी, तुम्ही ऐकताय 'देवघेव', मी वेस ट्रूडेल. बाहेर सरोवराकडून वारा सुटलाय, संध्याकाळपर्यंत आणखी वीतभर बर्फ पडेल म्हणतात. तेव्हा घरातच बसा आणि अडगळीत काय काय पडलंय ते मला फोन करून सांगा, कोणाला तरी ते हवंच असतं. आत्ता आपल्याबरोबर आहेत ओटर लेक रोडच्या हेल्मी कोस्केला. बोला हेल्मीबाई, काय विकायचंय?

हेल्मी : कॅसेटचा खोका. कार्टूनच्या कॅसेट आहेत, सगळ्या थंडीच्या आणि नाताळच्या. आमचा पेटेरी लहान होता तेव्हा पोस्टाने मागवल्या होत्या. एकेका कॅसेटमध्ये चार-पाच छोट्या छोट्या गोष्टी आहेत.

वेस : अस्वलाला झोप येत नाही ती. चर्चमधल्या उंदरिणीची. बर्फ ढकलणारी गाडी संपावर जाते ती.

हेल्मी : तुला बरं पाठ आहे.

वेस : दर डिसेंबरात तुम्हीच सांगता. माझी बायको म्हणते, हेल्मीबाईंचा खोका रेडिओवर आला की नाताळचं झाड आणायला निघायचं.

हेल्मी : विकला जात नाही, त्याला मी काय करू?

वेस : बरोबर आहे. किंमत तीच?

हेल्मी : पंधरा डॉलर. पण तपासून न्यायच्या. जुन्या कॅसेट आहेत, माझ्याकडे यंत्र चालू आहे. इथे बसायचं, लावून बघायच्या, मगच न्यायच्या. मागाहून कोणी म्हणायला नको की म्हातारीने फसवलं.

वेस : ऐकलंत मंडळी? आणि बघा, दुसऱ्या लाइनचा दिवा लागला. घ्या हेल्मीबाई, यंदा लगेच गिऱ्हाईक. नमस्कार, 'देवघेव'. त्या खोक्यासाठीच फोन केलात ना?

डॅरेल : हो. पण मी गिऱ्हाईक नाही. गेल्या वर्षी होतो.

वेस : आपलं नाव?

डॅरेल : डॅरेल पॅक्विन. कॅल्युमेटहून बोलतोय. त्या बाई अजून लाइनवर आहेत?

हेल्मी : आहे की.

डॅरेल : बरं झालं. पाठीमागे बोलायची मला सवय नाही. तो खोका विकायचा नाहीये. कोणी एवढ्या बर्फात पेट्रोल जाळत जाऊ नये, म्हणून फोन केला.

वेस : असं कसं म्हणता? काही गैरसमज झाला असेल.

डॅरेल : कसला गैरसमज? गेल्या डिसेंबरात मी तासभर गाडी हाकत गेलो. बाईंनी आत घेतलं, बूट काढायला लावले, कॉफी दिली, वेलचीचा पाव दिला. म्हणाल्या, आधी तपासू या. एक कॅसेट बघितली. म्हणाल्या, दुसरी तपासू या. मग तिसरी. मी पैसे काढून टेबलावर ठेवले, तर म्हणाल्या, आत्ताच आठवलं, मुलाचा फोन आला होता, त्यालाच हव्यात.

हेल्मी : होता त्याचा फोन.

डॅरेल : फोन त्या भिंतीवरच होता. मी असेपर्यंत एकदाही वाजला नाही.

हेल्मी : तुम्ही यायच्या आधी आला होता.

डॅरेल : मग पैसे टेबलावर ठेवेपर्यंत तुम्ही वाट का बघितलीत?

वेस : डॅरेल, जरा सबुरीने घ्या. हेल्मीबाई एकट्या असतात तिथे.

डॅरेल : ठाऊक आहे. बघितलंय मी. पण पेट्रोल पंपावरचा पोरगा सांगत होता, त्याच्या आत्यालाही असंच परत पाठवलं. त्याआधी शाळेतल्या बाईंना. त्यांना सांगितलं, एका कॅसेटची फीत अडकते, दुरुस्त करून कळवते. कळवलंच नाही.

वेस : हेल्मीबाई?

हेल्मी : ऐकतेय.

वेस : मला विचारावंच लागेल, रागावू नका. या कार्यक्रमाचा एकच नियम आहे. विकायची नसेल ती वस्तू इथे सांगायची नाही. तक्रार आली की वर्षभर नाव बंद. मागे त्या ट्रॅक्टरवाल्यालाही आपण बंद केलं होतं, तुम्हीच तेव्हा फोन करून म्हणाला होतात की बरं केलंस.

हेल्मी : तो चोरच होता.

वेस : हो, पण नियम सगळ्यांना तोच. पेटेरीला खरंच हव्यात का त्या कॅसेट?

हेल्मी : पेटेरी ॲरिझोनात असतो. तिथे त्याने पोहायचा हौद बांधलाय. त्याला कशाला हव्या असतील बर्फाच्या गोष्टी?

वेस : म्हणजे फोन आला नव्हता.

हेल्मी : उन्हाळ्यात आला होता.



वेस : मंडळी, लाइन चालू आहे, कुठे जाऊ नका. हेल्मीबाई, तुम्हाला त्या ठेवायच्या असतील तर ठेवा की. कोणाची ना आहे? मग दर वर्षी विकायला का काढता?

हेल्मी : विकून टाकल्या तर पुढच्या डिसेंबरात तुला कशासाठी फोन करू?

वेस : काय म्हणालात?

हेल्मी : बाकी सगळं विकून झालंय रे. माझा नवरा आर्वो गेला त्या वर्षी त्याची होडी काढली. मग बर्फावर चालायच्या फळ्या, मग सॉनाची, वाफेच्या न्हाणीची शेगडी, मग शिवणयंत्र. प्रत्येक वेळी तूच रेडिओवर सांगितलंस आणि प्रत्येक वेळी माणूस आला. पण येतो म्हणजे काय? दारातच उभा राहतो. बूट बर्फाने माखलेले, म्हणतो आत घाण नको. पैसे देतो, वस्तू उचलतो, गाडी चालूच असते बाहेर. मी कॉफी टाकेपर्यंत गाडी वळलेली असते. शेगडीवाले तर दोघे होते, दोघे मिळून माझ्याशी सहा शब्द बोलले नसतील.

वेस : मला कुठे ठाऊक असणार हे.

हेल्मी : तुला कसं ठाऊक असेल? तू वस्तू सांगतोस, पुढचं तुला कुठे दिसतं? मग शेवटी हा खोका राहिला. शाळेतल्या बाई आल्या, त्या म्हणाल्या, चालतात ना नीट? मी म्हटलं, बसा, बघा. आणि वेस, त्या बसल्या. बूट काढले, पाय वर घेतले आणि उंदरिणीची गोष्ट बघून पोट धरून हसल्या. या घरात आर्वोनंतर कोणी हसलं नव्हतं. मग मला कॅसेट देववल्या नाहीत.

वेस : मग फीत अडकते म्हणून सांगितलंत.

हेल्मी : दुसरं काय सांगणार? तुमच्यासारखं कोणी पुढच्या वर्षी पुन्हा येऊन बसावं असं वाटतं, म्हणून देत नाही, असं सांगू?

डॅरेल : मला सांगायला हवं होतं.

हेल्मी : तुम्ही तर काहीच बोलत नव्हतात. मी विचारलं, घरी लहान मुलं आहेत का, तर नुसती मान हलवलीत. मला वाटलं, याला काही घाई नाही. आरामात बसलात, पावाचे दोन तुकडे खाल्लेत.

डॅरेल : तीन.

वेस : डॅरेल, मुलांसाठीच नेणार होतात का?

डॅरेल : नाही. अर्लीनसाठी. माझी बायको.

वेस : अच्छा.

डॅरेल : आमच्याकडेही होता तोच खोका. तळघरात पाणी शिरलं तेव्हा गेला. ती आजारी होती. पलंग बैठकीतच लावला होता. एक दिवस रेडिओ ऐकता ऐकता म्हणाली, अय्या, ती उंदरीण. डॅरेल, जा ना, घेऊन ये. दोन महिन्यांत तिने काही मागितलं नव्हतं. पाणीसुद्धा मी विचारायचो तेव्हा.

वेस : आता कशा आहेत त्या?

डॅरेल : फेब्रुवारीत गेली.

हेल्मी : अरे देवा.

डॅरेल : परत गेलो तेव्हा जागी होती. दार वाजल्याबरोबर म्हणाली, मिळाल्या? मी म्हटलं, चालत नव्हत्या, खराब झाल्यात. विकणारीने दिल्या नाहीत असं कसं सांगू? तिला वाईट वाटलं असतं, जगात कोणी असं करतं म्हणून.

हेल्मी : तुम्ही एकदा बोलला असतात हो. दारात उभं राहून एक शब्द बोलला असतात, तर यंत्रासकट दिला असता मी. उचलून गाडीत ठेवला असता.

डॅरेल : ते आता कळतंय.

हेल्मी : मला वाटायचं, यात कोणाचं काय जातं? पंधरा डॉलरच्या जुन्या कॅसेट. माणसाला कॉफी मिळते, पाव मिळतो, एक दुपार जाते. कोणाचं काही नुकसान होत असेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. चुकलं माझं. तुमच्यापाशी चुकलं आणि तिच्यापाशीही.

डॅरेल : भांडायला नव्हता केला फोन. आत्ता सकाळी रेडिओवर तो खोका पुन्हा ऐकला आणि राहवलं नाही.

हेल्मी : भांडा. तुमचा हक्क आहे.

डॅरेल : भांडून काय होणार? आणि खरं सांगायचं तर त्या दिवशी तुमच्याकडे बरं वाटलं होतं. माझ्या घरात सगळा औषधांचा वास. तिची बहीण होती जवळ, म्हणून मीही लगेच उठलो नाही. त्याचाच राग जास्त येतो मला. तुमचा तेवढा नाही.

हेल्मी : न्या तुम्ही तो खोका. आजच न्या. मी ओसरीवर ठेवते, दार वाजवायचीही गरज नाही. तपासायचं नाही, पैसे नकोत.

डॅरेल : आता काय करू नेऊन? एकटा बसून उंदीर बघू?

हेल्मी : तेही खरं.

डॅरेल : ठेवा तुम्ही. फक्त विकायला काढू नका. कोणाच्या घरी काय चाललंय सांगता येत नाही.

हेल्मी : नाही काढणार. वेस, ऐकलंस? माझी वस्तू खोडून टाक.

वेस : खोडली. डॅरेल, थँक्यू. म्हणजे... अर्लीनबाईंचं ऐकून फार वाईट वाटलं.

डॅरेल : हं. चला, बर्फ काढायचाय.

वेस : सांभाळून काढा. ...ठेवला त्यांनी. हेल्मीबाई, तुम्ही आहात अजून?

हेल्मी : कुठे जाणार मी?

वेस : नियमाचं म्हणाल तर तक्रार त्यांनी मागे घेतल्यासारखीच आहे. तेव्हा तुमचं नाव मी बंद करत नाही. हवा तेव्हा फोन करा.

हेल्मी : कशासाठी करू? फोन उचलल्या उचलल्या तू विचारतोस, काय विकायचंय? माझ्याकडे आता काही नाही विकायला. पलंग आहे, पण त्यावर मी झोपते.

वेस : नुसत्या गप्पा मारायला करा. कार्यक्रम संपल्यावर.

हेल्मी : तू चांगला आहेस रे. तुझी आईही चांगली होती. पण कार्यक्रम संपला की तुला घरी जायचं असतं, आणि तीन दिवसांनी तुझ्या बायकोला वाटेल, ही म्हातारी काय चिकटली. मला ते नकोय. आणि माझा नंबर दिसला की तू उसासा टाकावास, हे तर मुळीच नको.

वेस : मग काय करू या? मला खरंच सुचत नाहीये. तिसऱ्या लाइनवर कोणीतरी कुंपणाच्या तारेसाठी थांबलंय, पण थांबू दे त्याला.

हेल्मी : नको, त्याला घे. मी ठेवते.

वेस : हेल्मीबाई, असं नका ठेवू. मला दिवसभर बोचत राहील.

हेल्मी : ...वेस.

वेस : बोला.

हेल्मी : लोक तुला नुसतं विकायलाच फोन करतात असं नाही. कोणाला काही पाहिजे असलं तरी करतात ना? टायर पाहिजेत, पाळणा पाहिजे, तसं.

वेस : हो तर. निम्मे फोन तसेच असतात. शेवटी मी ते सगळे एकत्र वाचून दाखवतो.

हेल्मी : त्यात माझं नाव घाल.

वेस : घालतो. काय पाहिजे म्हणून सांगू?

हेल्मी : माणूस.

वेस : बर्फ काढायला?

हेल्मी : बर्फ मीच काढते. नुसता माणूस. बाई असो, पुरुष असो. गुरुवारी दुपारी यायचं, अंधाराआधी जायचं. कॉफी आहे, पाव आहे.

वेस : ओटर लेक रोड, हेल्मी कोस्केला. पाहिजे... गुरुवारी दुपारी कोणीतरी. अगदी असंच वाचू?

हेल्मी : असंच वाच. हसले तर हसू देत लोक.

वेस : कोणी हसणार नाही. आणखी काही सांगू?

हेल्मी : कॅसेट बघाव्या लागतील असं काही नाही, तेवढं सांग.